हेलिकॉप्टर रुग्णवाहिका सेवा कशी वाढते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या विभागात हेलिकॉप्टर रुग्णवाहिका सुरू झाली की पहिले वर्ष कौतुकात जाते. आवाज आला की माणसे गच्चीवर धावतात, मोबाइलवर व्हिडिओ काढतात. दोन-तीन वर्षांनी प्रश्न बदलतात. रात्री का येत नाही? आमच्याकडे का आले नाही? आले तर रिकामेच परत का गेले? दुसरे कधी घेणार? या पानावर त्याच प्रश्नांची उत्तरे आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, काही एका ओळीत आटोपली आहेत.

एअर अँब्युलन्स म्हणजे हेलिकॉप्टरच ना?

नाही. एअर अँब्युलन्स या नावाखाली दोन अगदी वेगळी कामे चालतात. विमान रुग्णाला एका धावपट्टीवरून दुसऱ्या धावपट्टीपर्यंत, शेकडो किलोमीटर लांब नेते. ऑस्ट्रेलियात जॉन फ्लिन यांनी १९२८ मध्ये क्लोनकरी येथून सुरू केलेली ‘फ्लाइंग डॉक्टर’ सेवा हे त्याचे जुने आणि नामांकित उदाहरण. हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही. ते रस्त्यावर, मैदानात, डोंगराच्या सपाटीवर, थेट जखमी माणसापाशी उतरू शकते. इथे फक्त हेलिकॉप्टरबद्दल बोलू.

ही कल्पना निघाली कुठून?

युद्धातून. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या जंगलात अमेरिकेचे लेफ्टनंट कार्टर हार्मन यांनी सिकोर्स्की बनावटीच्या छोट्या हेलिकॉप्टरने एक वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक बाहेर काढले. त्या यंत्रात एका वेळी एकच माणूस मावत होता, म्हणून खेपा कराव्या लागल्या. कोरियन युद्धात, म्हणजे १९५० ते १९५३ या काळात, हजारो जखमी हेलिकॉप्टरने हलवले गेले. तेव्हा स्ट्रेचर बाहेरच्या बाजूला, खालच्या दांड्यांवर बांधलेले असायचे. जखमी बाहेर, वैमानिक आत. वाटेत रक्तस्राव वाढला तर कुणाचा हात तिथे पोचणे शक्य नव्हते. व्हिएतनामच्या युद्धात ह्युई हेलिकॉप्टर आले, रुग्ण आत आला आणि शेजारी वैद्यकीय सहायक बसू लागला. नुसती उचलून नेणारी गाडी आणि उपचार करत नेणारी गाडी हा फरक तिथून पडला. पुढे नागरी सेवा वाढल्या त्या दुसऱ्या प्रकारच्या.

नागरी सेवेची सुरुवात कशी झाली?

बहुतेक ठिकाणी रस्त्यावरच्या अपघातांमुळे. पश्चिम जर्मनीत १९७० या एका वर्षात रस्ते अपघातांत १९,००० हून अधिक माणसे मेली. त्याच्या आदल्या वर्षी तिथे ब्योर्न स्टायगर नावाचा आठ वर्षांचा मुलगा अपघातानंतर वारला. रुग्णवाहिका यायला जवळजवळ एक तास लागला होता. त्याच्या आईवडिलांनी मुलाच्या नावाने संस्था काढली आणि देशाची आपत्कालीन सेवा सुधारण्याचा ध्यास घेतला. १ नोव्हेंबर १९७० रोजी म्युनिकमध्ये ‘ख्रिस्टोफ १’ हे हेलिकॉप्टर सेवेत आले. प्रवाशांचे रक्षण करणारे संत ख्रिस्तोफर यांच्यावरून ते नाव पडले. ते चालवायला पुढे झाला तो वाहनधारकांचा क्लब, एडीएसी. एका हेलिकॉप्टरने सुरुवात केलेल्या या क्लबच्या ताफ्यात आज ५० हून अधिक हेलिकॉप्टर आहेत.

अमेरिकेत मेरीलँड राज्याच्या पोलिसांनी मार्च १९७० मध्ये, तर डेन्व्हरच्या एका रुग्णालयाने १९७२ मध्ये सुरुवात केली. ब्रिटनमध्ये पहिली सेवा कॉर्नवॉलला १९८७ मध्ये आली. जपानमध्ये ‘डॉक्टर हेली’ २००१ ला सुरू झाली आणि २००७ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. सुरुवात पोलिसांनी केली, रुग्णालयाने केली की मोटार क्लबने, यावरून पुढे त्या सेवेचे वळण बरेचसे ठरते. पैशांच्या प्रश्नात ते दिसेलच.

एक हेलिकॉप्टर किती भाग सांभाळू शकते?

साधा हिशोब करून पाहा. या कामातली आजची हेलिकॉप्टर साधारण ताशी २४० किलोमीटर वेगाने जातात, म्हणजे मिनिटाला ४ किलोमीटर. पंधरा मिनिटांत ६० किलोमीटर. तळाभोवती ६० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्यात ११,००० चौरस किलोमीटरपेक्षा जास्त प्रदेश येतो. वीस मिनिटे चालत असतील तर त्रिज्या ८० होते आणि क्षेत्रफळ २०,००० च्या वर जाते. पाच मिनिटांची सवलत दिली की कागदावर प्रदेश जवळपास दुप्पट!

नकाशावरची अशी वर्तुळे पाहून फसू नये. निरोप मिळाल्यापासून जमीन सोडेपर्यंत दिवसा तीन-चार मिनिटे, रात्री त्याहून जास्त जातात. वरून जागा न्याहाळून उतरण्यात आणखी काही मिनिटे. आणि वर्तुळाच्या काठावरचा रुग्ण रुग्णालयात आणायला तेवढेच अंतर परत यायचे असते. शिवाय हेलिकॉप्टर एका ठिकाणी गुंतले की बाकीच्या अकरा हजार चौरस किलोमीटरना त्या वेळेपुरते हेलिकॉप्टर नसते. सेवेचे उद्घाटन करताना हे वाक्य कुणी बोलत नाही.

रुग्णालय जवळ असताना हेलिकॉप्टर का पाठवत नाहीत?

कारण गाडी आधी पोचते. सुरू होणे, उतरणे, रुग्णाला नीट बांधून आत घेणे, पुन्हा उतरणे, हेलिपॅडपासून अपघात विभागापर्यंत नेणे, या प्रत्येक टप्प्याला वेळ लागतो. जवळच्या अंतरात हवेतला वेग हा वेळ भरून काढू शकत नाही. अपवाद एकच: रुग्णाला नेण्यासाठी नाही, पण डॉक्टरला लवकर पोचवण्यासाठी हेलिकॉप्टर हवे असेल तेव्हा. अशा वेळी रुग्ण शेवटी रस्त्यानेच जातो आणि हेलिकॉप्टरचा डॉक्टर त्याच्यासोबत रुग्णवाहिकेत बसतो.

पाठवायचे की नाही हे कोण ठरवते?

सेवा वाढते किंवा कुंठते ती या प्रश्नाच्या उत्तरावर, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपत्कालीन क्रमांकावर येणाऱ्या फोनपैकी फारच थोड्यांना हेलिकॉप्टरची गरज असते. ते थोडे शोधायचे कसे? फोन करणारा घाबरलेला असतो. ‘लवकर या, खूप लागलंय’ एवढेच बोलतो. बोट कापलेला आणि छाती चिरडलेला, दोघांचेही नातेवाईक तेच बोलतात. सुरुवातीच्या काळात बऱ्याच ठिकाणी पद्धत अशी असते की आधी रस्त्यावरची रुग्णवाहिका पोचते, तिचे कर्मचारी रुग्ण पाहतात आणि मग हेलिकॉप्टर मागवतात. निर्णय बिनचूक होतो, पण वीस-पंचवीस मिनिटे हातची जातात.

लंडनच्या सेवेने वेगळा मार्ग धरला. हेलिकॉप्टरवर काम करणारा अनुभवी पॅरामेडिकच (डॉक्टर नसलेला, पण तातडीच्या उपचारांचे प्रशिक्षण घेतलेला कर्मचारी) नियंत्रण कक्षात बसवला. तो येणारे फोन चाळतो, शंका आली तर फोन करणाऱ्याशी स्वतः बोलतो. उंचावरून पडला, रेल्वेखाली आला, गाडीबाहेर फेकला गेला, वाहनात अडकला, अशा काही खुणा असल्या की पुढची वाट न पाहता हेलिकॉप्टर सुटते. त्याने स्वतः अशी कितीतरी दृश्ये पाहिलेली असतात. आवाजातला गोंधळ आणि खरा धोका यांतला फरक त्याला कळतो.

नव्या विभागाकडे एक माणूस नेमण्याएवढेच पैसे असतील तर तो आधी या खुर्चीत बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात खुर्चीचे उद्घाटन करायला कोणी येत नाही.

हेलिकॉप्टर आले आणि रिकामेच परत गेले. मग आले कशाला?

लवकर निघण्याची ही किंमत आहे. माहिती अपुरी असतानाच निघाले तर काही वेळा पोचेपर्यंत कळते की जखम किरकोळ आहे, किंवा रुग्णवाहिकेने त्याला आधीच हलवले आहे. मग वाटेतूनच मागे बोलावतात. ज्या सेवेचे एकही उड्डाण वाया जात नाही ती बहुधा फार उशिरा निघत असते.

‘गोल्डन अवर’ म्हणजे साठाव्या मिनिटाला सगळे संपते का?

नाही. गंभीर जखमीसाठी पहिला तास सोन्यासारखा, या अर्थाचा हा शब्दप्रयोग अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे शल्यचिकित्सक आर. अ‍ॅडम्स काउली यांनी रूढ केला. साठ हा आकडा काटेकोर मोजमापातून आलेला नाही. गंभीर जखमीला लवकर योग्य हातांत द्या, हे ठसवण्यासाठी तो होता. पोटात जोरात रक्तस्राव होत असेल तर वीस मिनिटेही जास्त होतात. साधे हाड मोडले असेल तर दोन तासांनी फारसे बिघडत नाही. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली किंवा मेंदूत गुठळी अडकली तर घड्याळ वेगळे चालते. तिथे प्रश्न असतो तो ती वाहिनी उघडू शकणाऱ्या रुग्णालयापर्यंत थेट पोचण्याचा. सर्वांत जवळच्या रुग्णालयात आधी न्यायचे आणि तिथून पुढे पाठवायचे, यातच बहुतेकांचा वेळ जातो. तो मधला थांबा गाळता येणे हा हेलिकॉप्टरचा मोठा फायदा आहे.

आत डॉक्टर असतो का?

देशागणिक फरक आहे. जर्मनी, ब्रिटन, जपान इथे डॉक्टर जातो. अमेरिकेत बहुधा एक परिचारिका आणि एक पॅरामेडिक अशी जोडी असते. बऱ्याच विभागांत सेवा पॅरामेडिकपासून सुरू होते आणि काही वर्षांनी तिच्यात डॉक्टर येतो. ही वाढ बाहेरून दिसत नाही, कारण हेलिकॉप्टर तेच असते. पण रुग्णाला जागेवर पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालता येणे, छातीत साठलेली हवा किंवा रक्त काढता येणे, हे त्यानंतर होते. लंडनच्या पथकाने १९९३ मध्ये भोसकलेल्या रुग्णाची छाती रुग्णालयाबाहेरच उघडून त्याचा जीव वाचवला होता.

म्हणजे उडत्या हेलिकॉप्टरमध्ये शस्त्रक्रिया होते?

सिनेमात होते. प्रत्यक्षात जे करायचे ते जमिनीवर, उड्डाणाच्या आधी करतात. आत जागा एवढी कमी असते की काही हेलिकॉप्टरमध्ये रुग्णाच्या पायांपर्यंत हात पोचत नाही. आवाजामुळे स्टेथोस्कोपचा उपयोग शून्य; श्वास चालू आहे की नाही हे बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या आलेखावरून पाहावे लागते. छाती दाबणे हाताने जमत नाही, त्यासाठी यंत्र लावतात. उंच गेल्यावर बंद जागेतली हवा फुगते, म्हणून फुप्फुसाबाहेर साठलेली हवा आधीच काढून टाकलेली बरी. बघणाऱ्यांना वाटते, ‘अर्धा तास झाला, अजून उडत का नाहीत?’ त्या अर्ध्या तासात रुग्णाला प्रवास सोसेल असा करणे चालू असते.

रक्त सोबत नेतात का?

आता अनेक सेवा नेतात. ब्रिटनमध्ये लंडनच्या हेलिकॉप्टरने २०१२ मध्ये हे प्रथम सुरू केले. लाल पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात, त्यामुळे खास शीतपेटी, तापमानाची सतत नोंद, आणि न वापरलेले रक्त मुदतीच्या आत रक्तपेढीला परत देण्याची साखळी लागते. घाईत गट तपासायला वेळ नसतो, म्हणून ओ निगेटिव्ह. पेटी विकत घेणे सोपे असते; रक्तपेढीशी रोजची देवघेव बसवायला महिने जातात.

रात्री का येत नाही?

रात्रीची सेवा म्हणजे दिवसाचीच सेवा आणखी बारा तास, असे नसते. ती जवळजवळ नवी सेवा उभारण्यासारखी असते.

अडचण आकाशात कमी आणि खाली जास्त आहे. विजेच्या तारा, झाडाच्या फांद्या, खांब, कुंपण, सैल पत्रे. दिवसा वैमानिक वरून एक घिरटी घालून हे पाहतो. रात्री नाइट व्हिजन चष्मे लागतात. ते अंधुक उजेड वाढवून दाखवतात, पण दिसणारा पट्टा जेमतेम ४० अंशांचा असतो आणि अंतराचा अंदाज नीट येत नाही. बारीक तार त्यातूनही सुटते. म्हणून वैमानिकाला वेगळे प्रशिक्षण, त्याच्याशेजारी बाहेर पाहणारा दुसरा प्रशिक्षित डोळा, आणि शक्यतो आधी पाहून ठेवलेल्या, उजेड असलेल्या उतरण्याच्या जागा लागतात. त्याशिवाय माणसे दुप्पट. झोपमोड झालेल्या वैमानिकाला पहाटे तीनला उठवून चालत नाही. त्याच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा असतात.

जपानची डॉक्टर हेली मुख्यत्वे दिवसाच उडते. ब्रिटनमध्येही पहिली सेवा आल्यानंतर कुठेही मोकळ्या जागी रात्री उतरण्यापर्यंत पोचायला पाव शतक लागले. तेव्हा सुरुवातीपासून ‘चोवीस तास’ अशी घोषणा कुठे ऐकली, तर रात्रीच्या जागा कोणत्या आणि वैमानिक किती, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत.

ढग, धुके असेल तर?

नाही म्हणतात. हेलिकॉप्टर कोसळण्यामागे यंत्राचा बिघाड तुलनेने कमी वेळा असतो. अंधारात किंवा खराब हवेत न दिसलेल्या डोंगराला धडकणे हे जुने कारण. अमेरिकेत या क्षेत्रासाठी २००८ हे सर्वांत जीवघेणे वर्ष ठरले. त्यानंतर चौकशा झाल्या आणि २०१४ मध्ये नियम कडक झाले: जमीन किंवा डोंगर जवळ आल्याची पूर्वसूचना देणारे यंत्र, उंची मोजणारा रेडिओ अल्टिमीटर, उड्डाणापूर्वी जोखमीचे लेखी मूल्यमापन, आणि दहा किंवा जास्त हेलिकॉप्टर असणाऱ्यांना स्वतंत्र नियंत्रण कक्ष.

तिथेच एक वाईट सवय उघड झाली होती. एका कंपनीने हवामानामुळे नकार दिला की दुसरीला फोन, तिने दिला की तिसरीला. तिसरीला आधीचे दोन नकार माहीत नसत. आता मागवणाऱ्याने आधीचा नकार सांगावा, हा शिरस्ता पाळला जातो.

पथकाच्या आत एक नियम बहुतेक ठिकाणी सारखा आहे: जायचे तर सगळ्यांचा होकार हवा, थांबायला एकाचा नकार पुरतो. नकार देणाऱ्याला कारण विचारून छळायचे नाही. अनेक सेवांमध्ये वैमानिकाला हवा तपासून होईपर्यंत रुग्ण कोण आहे हेही सांगत नाहीत. ‘सहा वर्षांची मुलगी आहे’ हे शब्द कानावर पडले की समोरचा ढग थोडा विरळ वाटू लागतो.

दुसरे हेलिकॉप्टर कधी घ्यावे?

लोक समजतात त्यापेक्षा आधी, पण वेगळ्या कारणासाठी. हेलिकॉप्टरची तपासणी उड्डाणाच्या तासांवर ठरते. मोठी देखभाल निघाली की ते आठवडेच्या आठवडे हँगरमध्ये असते. एकच असेल तर तेवढे दिवस सेवा बंद. म्हणून ताफ्यातले दुसरे यंत्र बहुधा राखीव असते, नवा भाग सांभाळायला नसते.

नवा तळ हा वेगळा निर्णय. तो पहिल्याच्या जवळ काढला तर वर्तुळे एकमेकांवर पडतात; फार दूर काढला तर एक गुंतल्यावर दुसरे मदतीला येऊ शकत नाही. मोठे रुग्णालय शहरात असते, गरज मात्र दूरच्या टोकाला असते. तळ रुग्णालयाच्या गच्चीवर ठेवला तर डॉक्टर मिळणे सोपे, पण जाताना पूर्ण अंतर कापावे लागते.

आणि जास्त हेलिकॉप्टर म्हणजे चांगली सेवा, हे गृहीत धरू नये. अमेरिकेत २००२ मध्ये सरकारी विमा योजनेने ग्रामीण उड्डाणांचे दर वाढवले. पुढच्या वर्षांत कंपन्यांनी भराभर तळ काढले, पुष्कळदा दुसऱ्याचा तळ होता तिथेच. रुग्ण तेवढेच, हेलिकॉप्टर जास्त. प्रत्येकाच्या वाट्याला उड्डाणे कमी आली आणि ठरलेला खर्च त्या कमी उड्डाणांवर पडला. बिले एवढी फुगली की अखेर १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने विमाधारक रुग्णांना अनपेक्षित बिलांपासून संरक्षण द्यावे लागले. जिथे आधी नकाशावर गरज मोजून तळ ठरवले, तिथे हा गोंधळ कमी झाला.

मोठे हेलिकॉप्टर घेतले तर बरे ना?

काही बाबतींत. दोन इंजिने असली तर एक बंद पडूनही सुखरूप उतरता येते किंवा पुढे जाता येते. गर्दीच्या वस्तीत हे महत्त्वाचे, आणि युरोपात नियमही त्या दिशेने आहेत. अमेरिकेत एका इंजिनाची हेलिकॉप्टर अजूनही या कामात भरपूर आहेत. पहिल्या ख्रिस्टोफचे बीओ १०५ हे मॉडेल दोन इंजिनांचेच होते, मागून उघडणाऱ्या दारांचे. त्याच घराण्यातून आजचे एच१३५ आले. त्याचा थोरला भाऊ एच१४५ आणखी जड, आणखी ऐसपैस.

जड यंत्राचा झोतही जड. पंख्याखालची हवा पत्रे उडवते, माणसे पाडते. मार्च २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथ येथे रुग्णालयाच्या आवारात उतरणाऱ्या एका मोठ्या बचाव हेलिकॉप्टरच्या झोतामुळे वाहनतळाकडची एक वृद्ध महिला पडून दगावली. हेलिपॅड लहान यंत्रासाठी बांधला आणि नंतर मोठे आणले, तर भोवतालच्या वाटा, वाहनतळ, सगळे पुन्हा तपासावे लागते.

पैसे कोण देते?

चार वाटा दिसतात. जर्मनीत आरोग्य विमा. ब्रिटनमध्ये बहुतांशी देणग्या आणि धर्मादाय संस्थांच्या आठवडी सोडती. तिथे हेलिकॉप्टर सरकारी नसते हे कळल्यावर बाहेरच्यांना नवल वाटते. स्वित्झर्लंडमध्ये १९५२ साली स्थापन झालेल्या रेगा या संस्थेला ३० लाखांहून अधिक आश्रयदाते दरवर्षी छोटी रक्कम देतात. चौथी वाट रुग्णाचे बिल, तिची गोष्ट वर आली.

एक गोष्ट सगळीकडे सारखी: खर्च उड्डाणाचा कमी आणि सज्ज राहण्याचा जास्त. दिवसभर एकही फोन आला नाही तरी वैमानिक, डॉक्टर, तंत्रज्ञ, विमा, हँगर यांचा खर्च होतोच. ‘प्रति रुग्ण खर्च किती’ असे विचारून शांत दिवसांना दोष देणे म्हणजे आग लागली नाही म्हणून अग्निशमन दल महाग पडले म्हणण्यासारखे आहे.

हेलिकॉप्टर सेवेकडे मोटारी कशाला असतात?

हवा खराब असली, रात्र झाली किंवा ठिकाण जवळ असले की तेच पथक, तेच औषध, तेच रक्त घेऊन गाडीने जाते. बऱ्याच सेवांची ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वाढ असते.

मी थेट फोन करून हेलिकॉप्टर बोलावू शकतो का?

नाही. नेहमीच्या आपत्कालीन क्रमांकावरच फोन करा आणि ठिकाण अचूक सांगा. जखमेचे वर्णन थोडे कमी झाले तरी चालेल.

आमच्याजवळ उतरत असेल तर आम्ही काय करायचे?

साधारण ३० मीटर लांब-रुंद, सपाट, टणक जागा मोकळी करा. चादरी, टोप्या, प्लास्टिक, पत्रे बाजूला. जनावरे आणि मुले लांब. तारा कुठे आहेत ते कुणी तरी पोलिसांना किंवा नियंत्रण कक्षाला आधी कळवा, कारण वरून खांब दिसतात, तार दिसत नाही. पंखे थांबेपर्यंत किंवा आतून खूण होईपर्यंत जवळ जाऊ नका. शेपटीकडून तर कधीच नाही. उतारावर असाल तर खालच्या बाजूने या. वरच्या बाजूला फिरते पाते डोक्याच्या उंचीवर येते.

नातेवाइकाला सोबत नेतात का?

बहुधा नाही, जागा आणि वजन दोन्ही मोजलेले असते. रुग्ण लहान मूल असेल तर काही सेवा आई किंवा वडिलांना घेतात, पण तो निर्णय वैमानिकाचा. नसेल घेतले तर कोणत्या रुग्णालयात नेत आहेत ते विचारून घ्या आणि सावकाश गाडी चालवत या.

ड्रोनने व्हिडिओ काढला तर?

काढू नका. हवेत ड्रोन दिसला तर वैमानिक उतरणार नाही, आणि खाली कुणी तरी त्याची वाट पाहत असेल.